एकीनं गेलं की दोघींचं होतं

...आणि वरून ती मघाची नर्सबाई मला विचारते, 'जोराची आली का?' अहो, जोराची म्हणजे काय, मी आता शिंकले तर या बाकावरच्या सगळ्यांना पाय वर घ्यावे लागतील! तर म्हणते, 'अजून थोडं थांबा, सोनोग्राफीचं मशीन तापलंय.' मशीन तापलंय म्हणे! आणि मशीन तापलं की त्याच्यासमोर पंखा लावतात, बघा ना तिकडे दाराच्या फटीतून, दिसतोय ना पंखा? आम्हाला हा एक वरचा, कुरकुरणारा, तोही वारा घालतो त्या कोपऱ्यातल्या खुर्चीला, जिथं कुणी बसलेलंच नाही. बाई तापली तर कुणी पंखा लावलाय का आजवर? पाळी जायच्या दिवसांत माझ्या अंगाची नुसती भट्टी व्हायची, मी खिडकीशी जाऊन उभी राहायचे, तर आमच्या सासूबाई आतून म्हणायच्या, 'खिडकी लाव गं, मला गार लागतंय.' लावायचे. लावायचे हो, काय करणार.

तुम्ही हसू नका हां. तुम्हाला सांगते, इथं हसणं परवडणारं नाही, सगळ्याच तुडुंब आहोत. त्या पिवळ्या ओढणीवाल्या ताईंकडे बघा, मघापासून एका पायावरून दुसऱ्या पायावर... बसा हो ताई, बसलं की जरा दबतं. नाही दबत? मग उभ्या राहा. आमच्या कारखान्यात मुकादम ओरडायचा, 'पाणी कमी प्या, सारख्या उठता!' म्हणून जन्मभर घसा कोरडा ठेवून शिवण मारली, आणि इथं आलं की, 'एवढंच पाणी प्यायलात? अजून एक बाटली प्या!' म्हणजे बाईनं कुठं कोरडं राहायचं आणि कुठं भरून यायचं, हे सगळ्यांना ठाऊक, फक्त बाईला विचारत नाही कुणी.

ती आता बाटली भरायला खाली गेली ना, निळ्या स्वेटरची, ती माझी थोरली जाऊ. तिचा नंबर नाहीये बरं का. तिला काही झालेलं नाही, ठणठणीत आहे. तरी सकाळपासून माझ्याबरोबर ग्लासाला ग्लास लावून पाणी पितेय! मी म्हटलं, 'ताई, तुम्ही कशाला?' तर म्हणते, 'तू एकटी कशी पिशील?' आता याला काय म्हणायचं? ती वर येईपर्यंत सांगून घेते. तिच्यासमोर ही गोष्ट काढली की ती रडते, आणि एवढं पाणी पिऊन रडायला लागली तर थांबायची कधी?

त्याचं असं आहे, की आमच्या घरात पद्धतच होती, एकीनं गेलं की दोघींचं होतं.

म्हणजे कसं, सांगते. आम्ही दोघी एकाच कारखान्यात, शाळेचे गणवेश शिवायचो. ती सदऱ्याला कॉलर लावायची, मी बाह्या. कॉलर लागली की सदरा सरकत माझ्याकडे. आता कॉलर सुटीवर गेली तर बाह्या काय हवेला लावणार? म्हणून मुकादमाचा नियम, एका टेबलावरची एकच बाई बाहेर जाणार. आणि एका घरातल्या दोघी एकाच दिवशी रजा मागायला गेल्या, तर खुर्चीत मागे रेलून विचारायचा, 'का, घरात लग्न आहे की मयत?' दवाखान्यात जायचंय म्हटलं तर म्हणायचा, 'मग दोघी कशाला? एकीनं जा.' त्यानं ते वैतागून म्हटलं, आणि आम्ही वेदवाक्य धरून बसलो.

बरं, तेव्हा आम्ही दोघीही पोटुशी होतो. एकाच वेळी! सासूबाई म्हणायच्या, 'काय गं, यातसुद्धा चढाओढ?' तर थोरली जायची तपासायला. त्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई भल्या होत्या, अजून आहेत, त्यांच्याबद्दल माझी काही तक्रार नाही. त्या हिला लोहाच्या गोळ्या द्यायच्या. घरी आलं की पट्टी काढायची, कात्री घ्यायची आणि मधोमध कापायची. शिवणकाम करणाऱ्या बायका, कापणं कसं, दोरीत! अर्धी पट्टी तिची, अर्धी माझी. पुढच्या खेपेला डॉक्टरीणबाई हिच्या पापण्या खाली ओढून म्हणायच्या, 'अहो, रक्त वाढत का नाही? गोळ्या घेता ना?' ही म्हणायची, 'घेतो की दोघी!' त्यांना वाटायचं, ही पोटातल्या बाळासकट बोलतेय. कौतुकानं गालाला हात लावायच्या हिच्या.

आणि घरातले पुरुष आजारी पडले की काय सोहळा असायचा! मोठ्या दिरांच्या अंगठ्याला एकदा ठेच लागली, तर त्यांच्याबरोबर घरातली चार माणसं दवाखान्यात, एक रिक्षा धरायला, एक चप्पल धरायला. आमच्या ह्यांना शिंक आली की मफलर, शेगडी, 'आवाज करू नका, त्यांना पडू द्या.' आणि आम्ही बायका? दोघींत एक. त्यांचा काही दोष नाही म्हणा, आम्हीच कधी दुसरी बाजू दाखवली नाही. दोघे भाऊ अभिमानानं सांगायचे, आमच्या घरात बायकांचं काही दुखत नाही.

मग यात सासूबाईही शिरल्या. एक दिवस थोरली निघाली दवाखान्यात, तर सासूबाईंनी तिला कोपऱ्यात ओढलं आणि हळूच म्हणाल्या, 'माझंपण विचारून ये.' काय विचारायचं, तर त्यांचं अंग खाली यायचं हो. पिशवी. किती वर्षं, देव जाणे, कापडाच्या घड्या घालून बाई चालत होती, पाण्याच्या बादल्या उचलत होती, आणि आम्हाला सुनांना पत्ता नाही. मी त्यांच्या बसण्याच्या पद्धतीला कितीदा हसलेय मनातल्या मनात. तर थोरली गेली, आणि एका दमात सांगून आली, मला उलट्या होतात, मला रात्री पायात गोळे येतात, आणि मला खाली ओझं वाटतं. डॉक्टरीणबाईंनी तपासलं, हात धुतले, आणि विचारलं, 'बाई, तुमचं वय नक्की किती?' एका अंगात तीन बायका घेऊन गेली होती ना ती. पण त्यांनी सांगितलेले व्यायाम हिनं घरी येऊन सासूबाईंना शिकवले, दार लावून, आम्ही तिघी पलंगावर उताण्या. काय हसलो होतो त्या दिवशी! सासूबाईंना तसं हसताना मी त्यानंतर पाहिलं नाही. बरं वाटलं का त्यांना? थोडं वाटलं. त्यांना तेवढं पुरायचं.

म्हणून म्हणते, एकीनं गेलं की दोघींचं होतं, कधी कधी तिघींचंही.

तुम्ही म्हणाल, कसल्या या अडाणी बायका! थांबा, एक सांगते, मग म्हणा. मला मुलगी झाली ना, तेव्हा माझं काहीतरी बिनसलं. काय ते मला आजही नीट सांगता येत नाही. मी भिंतीकडे तोंड करून बसायचे. पोर रडायची, छाती भरून पदर ओला व्हायचा, आणि मला वाटायचं, कुणाची तरी पोर रडतेय, घेईल कुणी तरी. सासूबाई म्हणाल्या, 'आम्ही नाही का बाळंत झालो? नखरे सगळे.' हे म्हणाले, 'जरा हसत राहा, बरं वाटेल.' हसत राहा! अहो, मला चहाचा कप तोंडाशी न्यायचा म्हणजे जिना चढल्यासारखं वाटायचं. आणि एकदा... जाऊ द्या. नाही, सांगते, तुम्ही सगळ्या बायकाच आहात. एकदा मी पोरीला मोरीत आंघोळ घालत होते, आणि पाण्याकडे बघत किती वेळ तशीच बसले. थोरलीनं मागून येऊन माझ्या हातातून पोर घेतली.

दुसऱ्या दिवशी कारखान्यातून सुटी काढून ती गेली डॉक्टरीणबाईंकडे. मी जाणं शक्यच नव्हतं, मला उंबरा ओलांडवत नव्हता. तिथं जाऊन खुर्चीत बसली आणि म्हणाली, 'बाई, मला बाळ घ्यावंसं वाटत नाही. मला कशातच राहावंसं वाटत नाही.' आणि रडली. हुंदके देऊन रडली, बाहेरच्या बायका दारात आल्या. तिला असलं काही झालेलं नव्हतं हो! तिचा मुलगा घरी गुबगुबीत झोपला होता, तिला बाळंतपण सोसलं होतं छान. माझं रडणं होतं ते. मला तेव्हा रडायला येत नव्हतं, तर ती जाऊन माझ्या वाटचं रडून आली.

डॉक्टरीणबाईंनी एक औषध दिलं आणि सांगितलं, की हा आजार आहे, नखरे नाहीत, बाईला झोप हवी, आणि कुणी तरी रोज जवळ बसायला हवं, काही न विचारता. हिनं औषध माझ्या हातावर ठेवलं. पोरीला स्वतःच्या मुलाबरोबर अंगावर पाजलं. आणि रोज संध्याकाळी माझ्याशेजारी येऊन भिंतीकडे तोंड करून बसायची. भिंतीकडे! मी विचारलं, 'तुम्ही काय बघताय?' तर म्हणाली, 'तू काय बघतेस ते बघतेय.' तिथून मी हळूहळू परत आले. आता मला सांगा, ज्या पद्धतीनं माझा जीव वाचला, त्या पद्धतीवर मी विश्वास नको ठेवू?

तर अशी आमची गाडी चालली. थायरॉइड तिला निघाला, गोळ्या दोघींनी घेतल्या, मला धडधडायला लागलं तेव्हा थांबवल्या. चष्मा मला लागला, वापरायचो दोघी, एकीनं सुई ओवायची, मग नाकावरून काढून दुसरीला द्यायचा. मुलं मोठी झाली. सासूबाई गेल्या, बिचाऱ्या, शेवटपर्यंत 'मला काही होत नाही' म्हणत. पाळीही दोघींची पुढंमागं गेली. आम्ही दोघींनी चहा करून प्यायला त्यावर, म्हटलं सुटलो एकदाच्या! महिन्याचं धुणंवाळणं, लपवालपवी, सगळं संपलं.

आणि सगळं संपून वर्ष-दोन वर्षं झाल्यावर मला पुन्हा दिसलं. डाग. थोडासाच. म्हणजे दुष्काळात तेरावा महिना! मी थोरलीला मोरीच्या दारात बोलावून सांगितलं, तर ती म्हणाली, 'अगंबाई, धाकटे, तू तरुण व्हायला लागलीस की काय?' हसलो. पुढच्या महिन्यात पुन्हा दिसलं, तेव्हा नाही हसलो.

नेमके शाळा उघडायच्या आधीचे दिवस. कारखान्यात सदऱ्यांचे ढीग छताला लागलेले. मुकादम आता दुसरा होता, जुन्याचा भाचा, पण नियम तोच. माझ्या बाह्या मागे पडलेल्या, तिच्या कॉलरी झालेल्या. मग कोण जाणार? तीच गेली. सवयीनं म्हणाली, 'बाई, बंद झालेली पाळी परत आलीय.' डॉक्टरीणबाई लिहिता लिहिता थांबल्या. म्हणाल्या, हे अंगावर काढायचं नाही, आधी सोनोग्राफी करा, याच आठवड्यात.

आता खरं म्हणजे इथं मी जायला हवं होतं. नाही का? चिठ्ठीवर नाव तिचं होतं, तर काय झालं, तसं सांगायचं. पण सांगायचं म्हणजे काय, की बाई, गेली तीस वर्षं आम्ही तुम्हाला फसवतोय? आणि थोरली म्हणाली, 'तू कशाला? नाव माझं आहे, रजा माझी मंजूर झालीय. आणि तुला ते कपडे काढून झोपायची लाज. मी जाऊन येते. आपल्या बायकांचं आतून काय, सारखंच असतं.' आता तुम्ही म्हणाल, एवढीसुद्धा अक्कल नव्हती? होती हो. पण अक्कल आणि रजा एका दिवशी मिळत नाही. आणि अजून एक सांगू, मला भीती वाटत होती. ज्याला भीती वाटते ना, त्याला कुणी म्हणालं, 'थांब, मी बघून येते', तर तो 'नको' म्हणत नाही.

गेली. असंच पाणी प्यायली, अशाच बाकावर बसली. संध्याकाळी कारखान्याच्या फाटकाशी उभी, हातात केळ्यांची फणी, आणि लांबूनच ओरडली, 'धाकटे, नॉर्मल आलं! सगळं नॉर्मल!' मी तिला मिठी मारली हो रस्त्यात. दोघींनी केळी खाल्ली चालता चालता. कुणाचं नॉर्मल आलं, हे तिनं सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. एकीनं गेलं की दोघींचं होतं! मी त्या रात्री अशी गाढ झोपले, की सकाळी दूधवाला दार वाजवून थकला.

...आली वाटतं. गप्प, गप्प. या ताई! भरली का बाटली? नको, मला नको आता, इथपर्यंत आलंय... काही नाही हो, या म्हणत होत्या, पंखा बरा आहे इथला. काय? डोळे कुठं लाल झालेत माझे, मशीनची धग येतेय त्या दारातून. तुम्ही एक काम करा ना, त्या टोकाच्या खिडकीवर जाऊन विचारा बरं, किती नंबर राहिले. हो, हो, मी बसते, कुठं पळणार या अवस्थेत!

गेली. बघितलंत कशी चालते, जपून? सासूबाईंसारखी. गुडघे गेलेत तिचे. कुणाला दाखवलेत? नाही.

हां, तर कुठं होते मी... नॉर्मल. नॉर्मल आलेलं असल्यामुळे मी पुढं दिसलं तरी काळजी केली नाही. पोटात दुखलं, म्हटलं नॉर्मल आहे. वजन उतरलं, तर शेजारीण म्हणाली, काय छान बारीक झालात, कसं केलं, मलाही सांगा! असं करत वर्ष गेलं, आणि एक दिवस मशीनवर बसल्या बसल्या मला घेरी आली. उठवलं तर स्टूल भिजलेलं, आणि मांडीवरचा पांढरा सदरा, बाही लावायचा राहिलेला... तो मुकादम, जुन्याचा भाचा, त्यानं दोघींना एका दिवशी सोडलं बरं का. पहिल्यांदाच. मयत की लग्न, काही विचारलं नाही.

त्याच डॉक्टरीणबाई. म्हाताऱ्या झाल्यात आता. मला तपासलं, आणि त्यांचा चेहरा उतरला. मला म्हणाल्या, 'अहो, इतके दिवस अंगावर काढलंत? हे आधी कुणाला दाखवलं नाहीत?' मी काही बोलायच्या आत थोरली पुढं झाली आणि म्हणाली, 'दाखवलं होतं की बाई. माझ्यात दाखवलं होतं.'

डॉक्टरीणबाई हिच्याकडे बघत राहिल्या, मग माझ्याकडे, मग परत हिच्याकडे. तीस वर्षांच्या गोळ्या, उलट्या, ओझं, रडणं, सगळं त्यांच्या डोळ्यांपुढून गेलं असणार. मला वाटलं, आता ओरडतात. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि हिचा हात हातात घेतला. हिला तेव्हा कळलं. माझ्या डोळ्यांसमोर कळलं हो तिला.

माझी मुलगी आली तातडीनं. दुसऱ्या शहरात नोकरी करते ती, हुशार आहे, तिचं सगळं वेगळं. पाळी दुखली की रजा टाकून स्वतः जाते. मन दुखलं तर मनाच्या डॉक्टरकडे जाते, आणि स्वतःचं मन घेऊन जाते! आम्ही तोंडात बोट घातलं होतं. तर ती सगळं ऐकून म्हणाली, 'आई, दुखणं रेड्याला आणि औषध पखालीला, ही म्हण मी शाळेत शिकले, घरात चालू असेल असं वाटलं नव्हतं.' मग रागानं म्हणाली, 'काकू, तुम्ही गेलातच कशा?' असं म्हणाली, आणि लगेच काकूच्याच मांडीवर डोकं ठेवून रडली. त्याच मांडीवर दूध प्यायलीय ती. रागवायचं असलं तरी जाणार कुठं?

पिशवी काढली माझी. मग ती औषधं, सलाइनमधून देतात ती. केस गेले. थोरली म्हणाली, मीही कापते माझे. मी म्हटलं, खबरदार! घरातल्या फणीला काहीतरी काम राहू दे. मग ऐकलं. पण जेवायची नाही. एकदा बघते तर स्वयंपाकघरात ओट्याला टेकून उभी, आणि स्वतःचं ओटीपोट मुठीनं दाबतेय, इकडून, तिकडून, जोरात. मी म्हटलं, 'काय करताय?' तर म्हणाली, 'मी झोपले होते ना गं त्या मशीनखाली. मग मला का नाही झालं? जिनं दाखवलं तिला व्हायला पाहिजे होतं.' मी तिला म्हटलं, 'तू गप्प बस.' तू म्हटलं! तीस वर्षं अहो-जाहो केलेल्या जावेला. ती बसली खालीच, आणि आम्ही दोघी फरशीवर बसलो, भिंतीकडे तोंड करून.

मला मरायची भीती वाटते. वाटते हो, कशाला खोटं बोलू. पण मला जास्त राग येतो तो याचा, की मी गेले तर हिचं कोण विचारायला जाणार? हिचे गुडघे, हिचा थायरॉइड, हिला रात्र रात्र झोप नाही ते... स्वतःसाठी दवाखान्याची पायरी चढायचं हिला माहीतच नाही! जन्मभर माझं घेऊन गेली. मी हिला परवा म्हटलं, उद्या जाऊन गुडघे दाखवून या, एकट्या. तर म्हणते, 'तू बरी झालीस की जाऊ. मग एकीनंच गेलं तरी चालेल.'

आजचं हे कशासाठी, सांगू? ती येतेय का बघा. नाही ना? औषधं संपल्यावरची ही दुसरी तपासणी. पहिली बरी होती. पण गेले काही दिवस इथं, बरगडीखाली, काहीतरी आहे. मला कळतं. आपल्याला कळतं ना? जन्मभर कुणी विचारलं नाही, तरी आतलं आपल्याला कळतंच. मी तिला सांगितलं नाही. सांगितलं तर उद्या सकाळी सहाला ती जाऊन रांगेत उभी राहील आणि म्हणेल, 'बाई, मला बरगडीखाली...' नको. यावेळी मला माझंच घेऊन जायचंय.

आली. आली बघा. काय म्हणाले ताई खिडकीवर? आता लगेच? माझाच? बरं झालं, नाहीतर इथंच... हो, कागद घेतले. चष्मा? तुमच्याच नाकावर आहे, राहू द्या, तिथं काय वाचायचंय मला...

काय म्हणतेय ती दारातली? 'पेशंट कोण?' मी, मी... अहो ताई! बसा! बघितलंत? बघितलंत ना तुम्ही सगळ्यांनी? नंबर माझा, आणि उठून उभी कोण राहिली? पदर खोचून, चप्पल काढून, दारापर्यंत पोचलीसुद्धा! 'पाणी प्यायलात का' विचारलं तर 'हो, दोन बाटल्या' म्हणाली! अहो ताई, या मागे. तुमचा नाहीये नंबर. मला जायचंय. हो, एकटीला. ही पिशवी धरा, आणि तो कोपरा आहे ना, तिकडे संडास आहे, आधी जाऊन या तुम्ही, किती वेळ धरून ठेवणार... रडू नका हो. कुणी तरी हिला बसवा जरा.

आणि तुम्हाला म्हणून सांगते, हळू बोलते, तिला ऐकू जायला नको... एक क्षण वाटलं हो, जाऊ द्यावं तिलाच आत. तिचं नॉर्मल येतं.